ढुंढिराज कश्यप, मुक्काम काशीमीरा

आमच्या घरात गुप्तता राखण्याचं खातं बाबांकडे आहे, आणि त्यामुळे आमच्या घरातली एकही गोष्ट गावापासून गुप्त राहिलेली नाही.

बाबा संशयी नाहीत, सावध आहेत. (हा फरक त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलेला आहे.) चाळीत सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ऐकू जातं, म्हणून त्यांनी चाळीतली खोली सोडून भाईंदरला जेसल पार्कात फ्लॅट घेतला. इथे आल्यावर पहिलं काम काय केलं, तर दारावरच्या पाटीवर नाव घातलं नाही. नुसतं 'घर'. जसं काही बाकीच्यांच्या दारामागे तबेले होते! परिणाम असा झाला की पोस्टमन, गॅसवाला, कुरिअरवाला सगळे खाली उभे राहून हाका मारायचे, आणि बाबा तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून आमचं पूर्ण नाव, फ्लॅटचा नंबर आणि "आत्ता नको, उद्या दुपारी या. उद्या आम्ही घरात नाही, किल्ली शेजारी हंसाबेनकडे असेल" हे सगळं साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. इतक्या वर्षांत आमच्याकडे चोरी झाली नाही, याचं श्रेय चोरांच्या चांगुलपणाला द्यावं लागेल.

ही हकिगत आहे दोन हजार सालानंतरची. इंटरनेटवर आपलं नाव-गाव-फोटो टाकायचा आणि शाळेतले हरवलेले मित्र शोधायचे, हे खूळ तेव्हा नवंनवं होतं. ऑफिसातला जो तो डबा खाता खाता 'तू आहेस का तिथे' असं विचारायचा. मी नव्हतो. मी तेव्हा लग्नाच्या बाजारात होतो, आणि एका वेळी एकाच ठिकाणी नकार घेणं मला झेपत होतं.

माझ्यासाठी मुली बघून बघून आईच्या चपला झिजल्या होत्या. कुठे त्यांनी नाही म्हटलं, कुठे आईने. मला कुणी विचारलंच नाही. आणि मग मीरा रोडची प्राजक्ता आली. ती एका शाळेत गणित शिकवायची. पत्रिका जुळली, पोहे झाले, आणि मोठ्यांनी आम्हाला बोलायला म्हणून त्यांच्या गॅलरीत पाठवलं. तिथे एक सायकल, एक सिलिंडर आणि आम्ही दोघं असे जेमतेम मावलो.

"तुम्ही आहात का त्या साइटवर?" तिने विचारलं.

आता सरळ नाही म्हणायचं की नाही? पण छाप पाडायची होती ना. "छे," मी म्हणालो. "असल्या गोष्टींत मला रस नाही. आपलं आयुष्य असं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? माणसाने कसं जरा खासगी राहावं."

"अच्छा," ती म्हणाली, आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून हसली. झालं. तेवढ्या एका कोपऱ्यावर मी खलास झालो. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, मला ती मनापासून आवडली. आत्तापर्यंत 'कळवतो' म्हणून गेलेल्या कुठल्याच घरच्या निरोपाची मी वाट पाहिली नव्हती. इथे मात्र निघताना तिच्या आई म्हणाल्या, "एकदा तुमचं घर बघून जातो, मग काय ते सांगू," आणि माझा जीव टांगणीला लागला.

त्यातच अधिक महिना लागला. अधिकात लग्नाची बोलणी करायची नाहीत, असं तिच्याकडचं म्हणणं पडलं. म्हणजे अख्खा महिना नुसतं बसायचं! थोडे दिवस कसेबसे काढले आणि मग जेवताना मी घरात जाहीर केलं की प्राजक्ता त्या साइटवर आहे, तिचं पान मला बघायचंय, म्हणून मीही तिथे नाव नोंदवतोय. फक्त तिला ते कळता कामा नये, कारण मला असल्या गोष्टींत रस नाही असं मी सांगून बसलोय.

आईने कपाळावर हात मारला. बाबांचा चेहरा मात्र उजळला. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे एवढी जोखमीची कामगिरी आली नव्हती.

"कळणार नाही," ते म्हणाले. "माझ्यावर सोड."

पहिला निर्णय त्यांनी असा घेतला की हे काम घरच्या कॉम्प्युटरवर करायचं नाही. "घरून केलं की घरचा नंबर जातो." कुठला नंबर, कुठे जातो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, त्यामुळे मुद्दा पटला. आम्ही दोघं स्टेशन रोडवरच्या केतनभाईच्या सायबर कॅफेत गेलो. तिथे प्लायवूडच्या केबिनी होत्या, खांद्याइतक्या उंच. गुप्ततेसाठी बाबांनी सर्वांत कोपऱ्यातली केबिन मागून घेतली आणि मला मांडीवर घ्यावं लागेल अशा बेताने माझ्या शेजारी बसले.

"नाव विचारतायत," मी म्हणालो.

"खरं द्यायचं नाही," बाबा हळूच म्हणाले. (बाबांचं हळूच म्हणजे रस्त्यापलीकडच्या वडापाववाल्याने मान वर केली.)

"मग काय देऊ?"

बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "राशीचं नाव दे."

आता हे जरा सांगायला हवं. आपल्याकडे मूल जन्मलं की नक्षत्राच्या अक्षरावरून त्याचं एक नाव पत्रिकेत घालतात आणि हाक मारायला दुसरंच ठेवतात. पत्रिकेतलं नाव कुणाला सांगायचं नाही, नाहीतर कुणी करणी-बिरणी करेल, असं आजी बजावायची. मी मंदार. पण जन्म पूर्वाषाढा नक्षत्राच्या चौथ्या चरणावर झाल्याने अक्षर आलं 'ढ', आणि गुरुजींनी नाव घातलं ढुंढिराज. आजीने ते गुप्त ठेवलं ते करणीच्या भीतीने, मी ठेवलं ते शाळेतल्या पोरांच्या भीतीने.

"अरे, हजारो वर्षांची पद्धत आहे ही," बाबा म्हणाले. "घराबाहेर कुणाला पत्ता नाही या नावाचा. आणि आडनावाच्या जागी गोत्र टाक."

अशा रीतीने ढुंढिराज कश्यप जन्माला आले. पुढचं सगळं बाबांनीच भराभर सांगितलं आणि मी टाइप करत गेलो. माझी जन्मतारीख द्यायची नाही, म्हणून त्यांनी स्वतःची दिली. ढुंढिराज एकसष्ट वर्षांचे झाले. गाव भाईंदर लिहायचं नाही. मग? "काशीमीरा लिही. हायवेचा नाका आहे, हजार गाड्या येतात-जातात. तिथे कोण कुणाला शोधतंय?" मग गावाला शोभेल असा व्यवसाय हवा, म्हणून ट्रान्सपोर्ट. विवाहित की अविवाहित, इथे बाबा स्वतःवरूनच बोलले, त्यामुळे विवाहित. 'तुमच्याविषयी थोडं सांगा' या रकान्यात त्यांनी लिहायला लावलं, 'सांगण्यासारखे काही नाही.'

एवढ्यात केबिनीवरून केतनभाईचं डोकं वर आलं. "अंकल, जरा धीरे बोलो ना. सब कस्टमर लोग आपका फॉर्म भर रहा है." मग पडद्याकडे बघून त्याने सल्ला दिला, "और फोटो डालो. बिना फोटो का आदमी चोर लगता है."

"चेहरा दाखवायचा नाही," बाबा म्हणाले.

"तो पीछे से निकालो."

ही कल्पना बाबांना एवढी आवडली की त्यांनी केतनभाईच्या पाठीवर थाप मारली. माझा पाठमोरा फोटो काढण्यात आला. पडद्यावर मला माझं डोकं दिसलं आणि त्याच्या बरोब्बर मधोमध एक गोल, चकचकीत, पांढरा डाग.

"ट्यूबलाइटचा उजेड पडलाय," मी म्हणालो.

केतनभाईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. "हाँ," केतनभाई जरा थांबून म्हणाला. "लाइट है."

निघताना बाबांनी एक शेवटची सूचना दिली. "पानाच्या कोपऱ्यात जे काही लुकलुकतं ना, छोट्या चौकोनात, ते वाचायचं नाही. त्यात व्हायरस असतो." मी ती सूचना तंतोतंत पाळली. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

तर रोज ऑफिसातून येताना मी केतनभाईकडे उतरायचो आणि प्राजक्ताचं पान उघडायचो. तिचा फोटो, तिच्या मैत्रिणींचे निरोप, तिने त्यांना दिलेली उत्तरं, सगळं जगाला खुलं. त्या काळी कुणी काही झाकत नसे. मला थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं, नाही असं नाही. पण मी काही बोलत नव्हतो, लिहीत नव्हतो. नुसता बघून परत यायचो. आणि माझ्यासारखा सुरक्षित माणूस सबंध मीरा-भाईंदरमध्ये नव्हता.

माझ्या स्वतःच्या पानावर वेगळाच धंदा सुरू झाला होता. काशीमीरा आणि ट्रान्सपोर्ट हे दोन शब्द वाचून सुरतेच्या कुणा मुकेशभाईने निरोप ठेवला, 'सेठ, भिवंडी के लिए गाड़ी मिलेगी क्या?' मी घाबरून बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "उत्तर दिलं नाहीस तर त्याला संशय येईल." म्हणून त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, 'अभी गाड़ी गैरेज में है.' त्यावर मुकेशभाई रोज गाडीच्या तब्येतीची चौकशी करू लागला. इंजिन काढलंय, गॅरेजवाला गावी गेलाय, अशा थापा मारता मारता मला त्या गाडीची खरोखरच काळजी वाटायला लागली.

इकडे प्राजक्ताच्या पानावर तिच्या नावाखाली एक ओळ असायची, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, आणि ती ओळ ती बदलायची. सुरुवातीला साधंच असे, 'पेपर तपासून डोळे गेले' वगैरे. मग एके दिवशी ओळ दिसली, 'मिशी नसलेला पुरुष म्हणजे झाकण नसलेला डबा.'

मी त्याच संध्याकाळी दाढीचा ब्रश नाकाखालून फिरवणं बंद केलं. आमच्या घराण्यात मिशी दाट येत नाही. इथे चार, तिथे सहा, मधे मोकळं मैदान. पण इरेला पेटलो होतो. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "घरी काही दुःखद घडलंय का?"

पुढची ओळ आली, 'पोपटी शर्ट घालायची हिंमत ज्याच्यात असते, तोच खरा.' मी पोपटी शर्ट शिवून घेतला. तयार मिळेना. मग 'कारल्याची भाजी, तीही गूळ न घालता, माझा जीव की प्राण' अशी ओळ झळकली. मला तर भरून आलं. केवढं नशीब! मुलगी काय हवं ते आपणहून सांगतेय, आणि माझ्याशिवाय ते कुणी मनावर घेत नाहीये.

आई म्हणाली, "मला हे लक्षण ठीक दिसत नाही. पोपटी काय, मिशी काय. पोरगी शहाणी आहे ना?"

"आवड असते एकेकाची," मी म्हणालो. त्या वेळी तिला पोपट पाळायचे असते तर मी पिंजरा घेऊन आलो असतो.

अधिक महिना संपला. रविवारी ते तिघं आमचं घर बघायला येणार असं ठरलं, आणि आदल्या दिवशी शेवटची ओळ आली. 'घरात सुक्या बोंबलाचा वास आला की कसं आपल्या माणसांत आल्यासारखं वाटतं.'

रविवारी सकाळीच मी रिक्षा करून जवळच्या मुर्धा गावात गेलो. तिथे एक कोळीणबाई वाळलेले बोंबील घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, भरपूर वास येणारे द्या."

त्यांनी मला, पोपटी शर्टाला आणि मिशीला एका नजरेत घेतलं. "बोंबलाला वास न्हाय तं काय अत्तर हाय? खायाला पायजेत का वासाला?"

"वासाला."

"वासासाटी घेनारा पयलाच हायस रं बाबा," असं म्हणून त्यांनी मूठभर बोंबील वरून घातले, बहुधा दयेपोटी.

ते बोंबील मी बाल्कनीत दोरीवर, वाऱ्याच्या दिशेने टांगले. पंधराच मिनिटांत बेल वाजली. दारात हंसाबेन, नाकाला पदर लावून. त्यांचं घर जैन, कांदा-लसूणसुद्धा नाही, आणि तरी आजवर आमच्या स्वयंपाकाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"मंदारभाई, ये क्या बांधा है? मेरे भगवान के सामने सीधा हवा आता है."

"हंसाबेन, सिर्फ आज का दिन," मी हात जोडले. "लड़की को पसंद है."

हंसाबेननी पदर थोडा खाली केला. "शादी का मामला है?" मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, "ठीक है. मैं खिड़की बंद करती हूँ. लेकिन लड़की से एक बार पूछ लेना, पक्का पसंद है ना?" पूर्ण गोष्टीत शहाणपणाचं एवढं एकच वाक्य बोललं गेलं, आणि मी ते सोडून दिलं.

दुपारी पाहुणे आले. प्राजक्ता, तिच्या आई, तिचे वडील. प्राजक्ताने दारातच मला पाहिलं, खालपासून वरपर्यंत, आणि एकदम रुमाल तोंडाला लावला. मला वाटलं बोंबील जरा जास्तच झाले. तिचे वडील सारखे खोकत होते. तिच्या आई मात्र गंभीरपणे सगळं घर हिंडल्या, बाल्कनीत गेल्या, दोरीकडे बघून "वा" म्हणाल्या, आणि आम्ही जेवायला बसलो.

ताटात कारल्याची भाजी. गूळ नाही. आईने वाढताना सांगून टाकलं, "घे गं, तुझ्या आवडीचीच केलीय."

"माझ्या आवडीची?" प्राजक्ता म्हणाली.

"म्हणजे... मुलींना कारलं आवडतंच की," आईने सावरून घेतलं. असं जगात कुठेही नसतं, हे सांगायला नकोच.

कुणी कुणाकडे न बघता आम्ही जेवत होतो. कारलं असं कडू की बाबांच्या डोळ्यांत पाणी. मी मात्र दाखवायचं म्हणून मागून मागून घेत होतो आणि न चावता गिळत होतो. एवढ्यात प्राजक्ताच्या आईंनी भाजीचं भांडं उचललं, माझ्या ताटाशी आणलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "ढुंढिराज, घ्या ना अजून थोडं."

"नको, पुरे," मी म्हणालो.

आणि मग मला कळलं मी कशाला ओ दिली ते.

बाबांनी पाण्याचा पेला अर्ध्यात थांबवला. "कोण ढुंढिराज?" ते म्हणाले. काय तो आवाज! अगदी अनोळखी माणसाची चौकशी केल्यासारखा. पण मी आधीच 'पुरे' म्हणून बसलो होतो.

प्राजक्ताला आता राहवेना. तिने रुमाल टेबलावर टाकला आणि हसायला लागली. तिचे वडील खोकत नव्हतेच, तेही हसतच होते इतका वेळ. डोळे पुसत म्हणाले, "शेटजी, ट्रान्सपोर्टचं काय म्हणतंय? गाडी निघाली का गॅरेजमधून?"

"हे नाव तुम्हाला कळलं कसं?" बाबांचा गुप्ततेचा अभिमान दुखावला होता. "घराबाहेर कुणालाही माहीत नाही ते!"

"अहो, तुम्हीच तर पत्रिका दिलीत," प्राजक्ताच्या आई म्हणाल्या. "गुण जुळवताना गुरुजींनी मोठ्याने वाचलं. ढुंढिराज, गोत्र कश्यप. असं नाव माणूस विसरतो का?"

आईने हातातला डाव खाली ठेवला. "अहो," ती बाबांना म्हणाली, "आपण पत्रिका किती घरांत दिल्यात?"

बाबांनी मनातल्या मनात हिशेब मांडला आणि त्यांचा चेहरा पडत गेला. विरारपासून बोरिवलीपर्यंत जिथे जिथे माझ्या लग्नाची गोष्ट निघाली, ज्या ज्या वधूवर मंडळाच्या फाइलीत आमचा कागद पोचला, त्या प्रत्येक घरातल्या आया, मावश्या, आत्या आणि त्यांचे गुरुजी! या पट्ट्यात मला मंदार म्हणून ओळखणारे मोजके असतील, ढुंढिराज कश्यप म्हणून ओळखणारे घरोघरी होते. आणि नेमके तेच, ज्यांनी मला नाकारलं होतं. लपायला म्हणून मी जगातली सर्वांत प्रसिद्ध जागा शोधली होती.

"पण मी तिथे आहे हे तरी..." मी कसाबसा बोललो. "मी काही लिहीत नव्हतो. नुसता बघायचो."

"कोण कोण बघून गेलं ते पानाच्या कोपऱ्यात दिसतं ना," प्राजक्ता म्हणाली. "छोट्या चौकोनात. तुमच्याही पानावर असतं ते. वाचलं नाहीत?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी कारल्यात लक्ष घातलं.

"वय वाचून मी जरा हबकलो होतो हां," तिचे वडील म्हणाले. "एकसष्ट वर्षांचा माणूस रोज आमच्या मुलीचं पान बघतोय! पोलिसांत जाणार होतो."

"मग आईने नाव पाहिलं," प्राजक्ता म्हणाली, "आणि फोटोवरून खात्री पटली. पोह्यांच्या दिवशी निघताना तुम्ही चपला घालायला वाकला होतात, तेव्हा आम्ही दोघींनी पाहिलं होतं."

"काय पाहिलं होतं?"

बाबांनी पुन्हा छताकडे पाहिलं.

"तो ट्यूबलाइटचा उजेड आहे," मी म्हणालो.

आई जवळ आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मंदार, तो उजेड नाही रे."

मी हात मागे नेला. चाचपलं. हात गुळगुळीत जागेवरून घसरला. "केव्हापासून?"

"बरेच दिवस झाले. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही," आई म्हणाली. "यांनीच सांगितलं, गुप्त ठेवू." बाबांना आयुष्यात एकच गुपित नीट सांभाळता आलं, आणि ते त्यांनी फक्त माझ्यापासून सांभाळलं होतं.

मी उठून बाल्कनीत गेलो. हात धुवायचंसुद्धा भान नव्हतं. डोक्याचं दुःख नंतर करता आलं असतं, पण ही मुलगी हातची गेली होती. थापाड्या, डोकावणारा, वर मिशी. इतक्या नकारांनंतर एक होकार मनापासून हवा होता आणि तो मी माझ्या हाताने घालवला होता. घशाशी आवंढा आला. (थोडा कारल्याचाही असेल.)

मागून प्राजक्ता आली. दोरीवरचे बोंबील बाजूला सारून माझ्या शेजारी उभी राहिली.

"मी खोटं बोललो होतो," मी म्हणालो. "रस नाही म्हणालो. होता. म्हणजे साइटमध्ये नाही, तुमच्यात होता. पण असं लपून बघायला नको होतं."

"नकोच होतं," ती म्हणाली. "दोन दिवस राग आला होता मला. मग म्हटलं, बघू या हा माणूस कुठपर्यंत जातो. मिशीची ओळ टाकली ती नुसती गंमत म्हणून. त्यानंतर आमच्या शेजारच्या काकू तुमच्या ऑफिसच्या बसमध्ये असतात, त्या म्हणाल्या, अगं, त्या मुलाच्या नाकाखाली काहीतरी होतंय!"

"म्हणजे पोपटी शर्ट?"

"मला तो रंग बघवत नाही."

"कारलं?"

"लहानपणापासून खात नाही. आज पहिल्यांदा खाल्लं."

"आणि हे बोंबील?"

तिने फक्त नाक दाबून दाखवलं. मग म्हणाली, "आई म्हणते, नवरा बघताना एकच बघ. त्याला काही लपवता येता कामा नये. माझ्या एका मैत्रिणीने तपास काढून काढून लग्न केलं, तरी नंतर काय काय बाहेर आलं. तुम्ही तर नाव, गाव, वय, धंदा, चेहरा सगळं लपवलंत, आणि तरी पहिल्याच दिवशी सापडलात. तुमच्यापासून आयुष्यात धोका नाही हो."

माझा हात नकळत मिशीवर गेला.

"होकार आहे," ती म्हणाली. "पण ती मिशी आजच्या आज काढा."

आत साखर वाटली गेली. बाबांनी प्राजक्ताच्या वडिलांना बाजूला घेऊन 'अजून कुणाला सांगू नका' असं म्हटलं, ते शेजारी ऐकू गेलं आणि हंसाबेन खिडकी उघडून पेढे घेऊन आल्या. प्राजक्ताने त्याच दिवशी आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर बसून ढुंढिराज कश्यपना निवृत्त केलं. जाण्याआधी मुकेशभाईला 'गाडी विकली' असा निरोप दिला, त्यावर त्याने आपुलकीने विचारलं, 'कितने में?'

मग तिने माझं नवं खातं उघडून दिलं. खरं नाव, समोरून फोटो, आणि बाकी सगळं फक्त ओळखीच्या लोकांनाच दिसेल असं बंद करून. बाबा त्या वेळी शेजारीच बसले होते, म्हणून पासवर्ड तिने मोठ्याने सांगितला नाही. नंतर सांगते म्हणाली.

लग्नाला आता बरीच वर्षं झाली. ते खातं कुणालाही फोडता आलेलं नाही, इतकं ते सुरक्षित आहे. मी स्वतः कितीदा प्रयत्न करून पाहिलाय.